होलोग्राम पुन्हा पुन्हा जागेवरून सरकतोय? हेडसेट रीसेट करण्याआधी जागा तपासा

"बाण काल बरोबर त्या बोल्टवर होता, आज वीतभर बाजूला आहे." मेंटेनन्सला मिश्र वास्तवाचे हेडसेट, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूंवर होलोग्राम (बाण, खुणा अशी आभासी चित्रं) दाखवणारी डोक्यावरची यंत्रं, वापरणाऱ्यांकडून येणारी ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन सगळे होलोग्राम पुसतं, पुन्हा नव्याने लावतं, दोन-चार दिवस काम सुरळीत चालतं आणि मग बाण परत बाजूला. पुन्हा पुसणं, पुन्हा लावणं.

हा बिघाड परत येतो तो आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होत असल्यामुळे. उपचार हेडसेटवर चालतात आणि दोष बहुतेक वेळा जागेत असतो: उजेडात, चकाकीत, एकसारख्या दिसणाऱ्या मशीनमध्ये, हलणाऱ्या फरशीत. पुढचं सगळं मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा हेडसेट धरून लिहिलं आहे, पण कॅमेऱ्यांवरून स्वतःची जागा ओळखणाऱ्या कोणत्याही हेडसेटला त्यातलं बरंच लागू पडेल.

हेडसेटला आपण कुठे आहोत हे कसं कळतं

डोक्याची हालचाल टिपायला होलोलेन्स २ मध्ये चार कॅमेरे आहेत. ते आसपासच्या कडा, कोपरे, अक्षरं, डाग असे ओळखीचे बिंदू शोधतात आणि त्यांचा नकाशा साठवतात. सोबत अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून 'खाली' कुठे आहे ते सांगतो, जायरोस्कोप डोकं किती वळलं ते सांगतो. हे दोघे झटपट बोलतात, पण त्यांची चूक सेकंदागणिक साचत जाते. कॅमेरे सावकाश बोलतात, पण ओळखीचा बिंदू दिसला की साचलेली चूक पुसून टाकतात. होलोग्राम सरकतो तेव्हा यातल्या एकाला नीट दिसत किंवा जाणवत नसतं, नाहीतर दोघांचं म्हणणं जुळत नसतं.

हे न जुळणं समजून घ्यायला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाइतकं चांगलं उदाहरण नाही. स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर सतत पडत असतं आणि आतलं सगळं त्याच्याबरोबर पडत असतं. त्यामुळे अ‍ॅक्सेलरोमीटर जवळपास शून्य दाखवतो आणि 'खाली' नावाची दिशाच सापडत नाही. शिवाय पृथ्वीकडे एकच बाजू ठेवण्यासाठी स्थानक साधारण दीड तासाच्या फेरीत स्वतःभोवतीही एकदा वळतं, म्हणजे मिनिटाला सुमारे चार अंश. जायरोस्कोपला हे वळणं जाणवतं. कॅमेऱ्यांना मात्र समोरची भिंत ढिम्म दिसते. जमिनीवर बनवलेल्या हेडसेटच्या दोन्ही मूळ गृहीतकांना तिथे धक्का बसतो.

तरीही हे तंत्र तिथे पोचलं. होलोलेन्स स्थानकावर वापरून पाहण्याच्या नासाच्या साइडकिक प्रकल्पाची चाचणी आधी शून्य-गुरुत्वाच्या सरावाच्या विमानात झाली. वर पाठवलेली हेडसेटची पहिली जोडी २८ जून २०१५ रोजी स्पेसएक्सच्या मालवाहू उड्डाणाच्या अपघातात नष्ट झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी जोडी सिग्नस या मालवाहू यानातून गेली आणि २०१६ च्या सुरुवातीला अंतराळवीर स्कॉट केली यांनी ती वापरली. साइडकिकमध्ये पहिल्यापासून दोन पद्धती होत्या. एकीत जमिनीवरचा तज्ज्ञ अंतराळवीराच्या नजरेतून पाहून मार्गदर्शन करतो. दुसरीत कामाच्या पायऱ्या वस्तूवरच चित्ररूपाने दिसतात आणि जमिनीशी बोलावं लागत नाही. या दोन पद्धतींचे बिघाड वेगळे असतात. आपल्याकडे ते एकाच तक्रारीत कोंबले जातात, म्हणून आधी ते वेगळे करू.

आधी फुलीची चाचणी

मशीनच्या न हलणाऱ्या भागावर मार्करने फुली मारा. बेड किंवा कॉलम चालेल, उघडझाप होणारं गार्ड किंवा दार नको. त्या फुलीवर एक होलोग्राम नेमका ठेवा आणि मीटरभरावर उभे राहा.

डोकं डावी-उजवीकडे हलवा. होलोग्राम डोक्याबरोबर फुलीवरून सरकत असेल आणि डोकं मधोमध आलं की परत बरोबर बसत असेल, तर हेडसेटला जागा नीट कळली आहे. चूक वस्तू किती लांब आहे (डेप्थ) याच्या अंदाजात किंवा डोळ्यांच्या मापात आहे. मागच्या शिफ्टमध्ये दुसऱ्याने हेडसेट घातला होता का, हेल्मेटवर तो तिरका बसला आहे का, हे पाहा. सेटिंगमध्ये सिस्टिमखाली कॅलिब्रेशन आहे, तिथून डोळ्यांचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. त्यानेही फरक पडला नाही आणि त्रास एकाच अ‍ॅपमध्ये असेल, तर अ‍ॅप बनवणाऱ्याला कळवा. चित्र स्थिर ठेवण्यासाठी अ‍ॅपने या लांबीची (डेप्थची) माहिती पुरवावी लागते आणि ती काही अ‍ॅप पुरवत नाहीत.

आता मशीनभोवती एक फेरी मारून परत या. फेरीनंतर होलोग्राम सरकलेला असेल, तर वाटेत कुठेतरी कॅमेऱ्यांची पकड सुटली. फेरी ठीक झाली, पण शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सगळेच होलोग्राम एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकलेले दिसले, तर नकाशात गोंधळ आहे.

आणि फुलीवरचा होलोग्राम पक्का, पण कॉलवरच्या तज्ज्ञाने काढलेला बाण भलतीकडे, असं असेल तर ट्रॅकिंगला हात लावू नका. त्यासाठी थेट कॉलच्या भागाकडे जा.

चाचणी होईपर्यंत एक नियम पाळा. बाण सरकल्याची शंका आली की व्हॉल्व्ह, ब्रेकर किंवा केबल त्याच्यावर लावलेला टॅग वाचूनच ओळखायची. फक्त बाण बघून काहीही उघडायचं नाही.

कॅमेऱ्यांची पकड सुटते तेव्हा

पहिलं काम सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित: समोरची काच पुसा. मशीन शॉपमध्ये कूलंटचे सूक्ष्म तुषार हवेत असतात, ते कॅमेऱ्यांवर बसतात. कोरडं मायक्रोफायबर कापड पुरतं. बनियनचं चिंधूक वापरू नका, त्यातल्या कचऱ्याने ओरखडे पडतात.

मग उजेड. सगळीकडे सारखा पसरलेला, ५०० ते १००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) दरम्यानचा उजेड ही चांगली सुरुवात आहे. मोबाइलवर लक्स मोजणारं अ‍ॅप ढोबळ अंदाजाला चालतं. उजेड कमी असला की कॅमेऱ्यांचं चित्र डोकं हलताना पुसट होतं आणि बिंदू हातचे जातात. आपल्या शेडमध्ये मात्र कमी उजेडापेक्षा बदलता उजेड जास्त छळतो. छपराला मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे असतात. सकाळी त्यांतून येणारे उन्हाचे पट्टे एका भिंतीवर असतात, दुपारी दुसरीकडे. कॅमेऱ्याला त्या पट्ट्यांच्या कडा छान ठसठशीत दिसतात आणि तो त्यांनाच खुणा समजून नकाशात घेतो. रात्रपाळीला त्या खुणा गायब. 'रात्री बाण सरकतो, दिवसा बरोबर असतो' ही तक्रार आली की मी आधी छपराकडे बघतो. शक्य असेल तर मशीनच्या वर कायमचा दिवा लावा, तो दिवसाही चालू ठेवा आणि नकाशा दोन्ही पाळ्यांत फिरून तयार करा. लुकलुकणाऱ्या जुन्या ट्यूबलाइट बदलून टाका.

चकाकी हे पुढचं कारण. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, एपॉक्सीची फरशी, काचेची केबिन यांतलं प्रतिबिंब बघणाऱ्याबरोबर सरकतं आणि कॅमेरा त्याला खरी वस्तू समजतो. उलट बाजूला औषध कंपन्यांच्या क्लीनरूममधल्या कोऱ्या पांढऱ्या भिंती. तिथे पकडायला काहीच नसतं. दोन्हींवर उपाय एकच: मॅट कागदावर छापलेली, ठळक, वेडीवाकडी नक्षी किंवा मोठी अक्षरं असलेली पोस्टर न हलणाऱ्या खांबांवर, वेगवेगळ्या उंचीवर लावा. क्लीनरूममध्ये कागद चालत नाही, तिथे पुसता येणारं मॅट विनाइल चालतं का ते क्वालिटीवाल्यांना विचारून घ्या. प्रत्येक पोस्टर दुसऱ्यापेक्षा वेगळं हवं. हे का, ते आता.

जुळी मशीन, जुळे कोपरे

चाकणच्या बाजूला एका कारखान्यात दोन टेस्ट बेंच शेजारच्या दोन गाळ्यांत होते. एकाच आराखड्याचे, एकाच रंगाचे, मागच्या भिंतीवर एकाच मापाचा सेफ्टी बोर्ड. हेडसेट पहिल्या बेंचवर चालू केला की ठीक. तोच दुसऱ्या बेंचवर नेला की पहिल्याचे होलोग्राम इथे दिसायचे, तेही थोडे तिरके. नकाशा पुसला की थांबायचं, पुन्हा दोन्हीकडे वापरला की परत सुरू. हेडसेट बदलून पाहिला, तरी तेच.

हेडसेटने दोन वेगळ्या जागा एकच समजून नकाशात चिकटवल्या होत्या. माणसालाही एकसारख्या मजल्यांवर लिफ्टमधून चुकीच्या ठिकाणी उतरल्यावर क्षणभर कळत नाही, तर यंत्राला काय कळणार. तिथे प्रत्येक गाळ्यात वेगळी पोस्टर लावली, मग नकाशा एकदाच पुसला आणि दोन्ही गाळ्यांतून सावकाश, वर-खाली-मागे बघत फिरून तो नव्याने बनवला. तक्रार थांबली. क्रम महत्त्वाचा आहे: आधी जागा वेगळी दिसायला हवी, मग पुसायचं. उलट केलं तर तोच गोंधळ नव्याने साठतो.

अंतराळ स्थानकाच्या प्रयोगशाळांमध्ये हीच अडचण दुप्पट आहे. ठरलेल्या मापाचे रॅक चारही बाजूंना, वर-खालीसुद्धा बसवलेले. त्यांच्यावर केबल, लॅपटॉप आणि पिशव्या, आणि त्यांच्या जागा सतत बदलणाऱ्या. म्हणजे जे कायम आहे ते एकसारखं आणि जे वेगळं आहे ते कायम नाही. आपल्याकडची ट्रॉली, पॅलेट आणि फोर्कलिफ्टची वर्दळ याच जातीची. काम करताना नजरेच्या टप्प्यात निदान दोन-तीन खुणा न हलणाऱ्या हव्यात. पॅलेटच्या ढिगाकडे तोंड करून नकाशा बनवू नका, संध्याकाळी तो ढीग गाडीत गेलेला असतो.

वाय-फायचाही इथे हात असतो. आपण कोणत्या जागी आहोत हे लवकर ओळखायला हेडसेट आसपासच्या वाय-फाय पुरवणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटची नोंद वापरतो. आयटीने अ‍ॅक्सेस पॉइंट बदलले किंवा हलवले आणि त्याच आठवड्यात होलोग्राम सापडेनासे झाले, तर तो योगायोग नसतो. आणि वाय-फाय बंद ठेवून फिरलात तर ही मदत मिळतच नाही.

हलणारी फरशी

जमिनीवरही काही जागी अ‍ॅक्सेलरोमीटर आणि कॅमेरे भांडतात: जहाजाची इंजिन रूम, लिफ्ट, चालती क्रेन केबिन, धावता रेल्वेचा डबा. आजूबाजूच्या भिंती स्थिर दिसतात आणि शरीर मात्र हलत असतं. स्थानकावर जे घडतं त्याचंच हे रूप. होलोलेन्स २ मध्ये यासाठी मूव्हिंग प्लॅटफॉर्म मोड आहे. तो मुळात मोठ्या जहाजांच्या संथ डोलण्यासाठी बनवला आहे, त्यामुळे खडखडणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मुंबई बंदरात जहाजावर काम असेल तर चढण्याआधी तो चालू करा, आणि उतरल्यावर बंद करायला विसरू नका. तो चालूच राहिलेला हेडसेट नंतर शेडमध्ये विचित्र वागतो आणि कुणाला कारण सापडत नाही.

अँकर दूर आणि मशीन लांब

होलोग्राम ज्या अँकरला, म्हणजे नकाशातल्या पक्क्या बिंदूला, बांधलेला असतो त्याच्यापासून साधारण तीन मीटरच्या आत असावा. अँकरपाशी कोनात झालेली बारीक चूक अंतराबरोबर वाढत जाते. वीस मीटरच्या पॅकिंग लाइनला सुरुवातीला एकच अँकर लावून सगळ्या पायऱ्या त्याला बांधल्या असतील, तर शेवटच्या मोटरपाशी बाण सरकलेला असणारच. पायऱ्यांचे गट करा आणि प्रत्येक गटाला जवळचा अँकर द्या.

होलोग्रामची जागा ठरवायला मशीनवर चिकटवलेला क्यूआर कोड वापरत असाल तर तो चकचकीत लॅमिनेशनमध्ये घालू नका, दिव्याचं प्रतिबिंब पडून तो तिरका वाचला जातो. मॅट छपाई करा, सपाट पृष्ठभागावर चिकटवा आणि छापताना प्रिंटरने माप लहान केलं नाही ना, ते पट्टीने मोजा. कोड निघाला आणि कुणी तो अंदाजाने परत चिकटवला की सगळ्या पायऱ्या तेवढ्याच सरकतात. म्हणून कोडच्या चारही कोपऱ्यांना मशीनवर बारीक खुणा करून ठेवा. शिफ्टच्या सुरुवातीला कोड एकदा स्कॅन करणं ही सवयच लावा.

उष्णतेबद्दल थोडक्यात: होलोलेन्स २ साठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा १० ते २७ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मेमध्ये आपली शेड तिच्या कितीतरी वर जाते. हेडसेट तापून मध्येच बंद पडत असेल तर तो दोष ट्रॅकिंगचा नाही. सलग वापर कमी करा, दोन कामांच्या मध्ये हेडसेट थंड खोलीत ठेवा, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका.

तज्ज्ञाचा बाण भलतीकडे पडतो

दूरचा तज्ज्ञ बाण काढतो ते त्याला दिसणाऱ्या चित्रावर. ते चित्र त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तंत्रज्ञाचं डोकं दुसरीकडे वळलेलं असतं. बाण उमटतो जुन्या नजरेच्या हिशेबाने.

अंतराळातलं अंतर हा प्रश्न उघड करतं. स्थानकावरचं चित्र आधी सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातं आणि तिथून जमिनीवर येतं. नुसत्या प्रकाशाच्या वेगानेच प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो, यंत्रणांमधला वेळ वेगळा. तरीही २०२१ मध्ये अंतराळवीर मेगन मॅकआर्थर यांनी होलोलेन्स घालून स्थानकावरच्या कोल्ड अ‍ॅटम लॅबमधला भाग बदलला तेव्हा जमिनीवरचा चमू त्यांच्या नजरेतून पाहत होता आणि त्यांच्या दृश्यात खुणा करत होता. अर्ध्या सेकंदाने काम अडत नाही, त्याची जाणीव नसली तर अडतं.

म्हणून कॉलवरची शिस्त अशी ठेवा. तंत्रज्ञाने काम थांबवायचं, डोकं स्थिर धरायचं आणि "पाहा" म्हणायचं. तज्ज्ञाने चित्र गोठवून मगच बाण काढायचा. बाणाबरोबर तोंडीही सांगायचं: "डावीकडून दुसरा, निळा कनेक्टर, टॅग अमुक." तंत्रज्ञाने ते परत म्हणून दाखवायचं आणि हात लावायचा. जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या तज्ज्ञाशी बोलताना भाषेच्या अडखळण्यामुळे हे परत म्हणणं टाळलं जातं, आणि नेमकं तिथेच ते सगळ्यात गरजेचं असतं.

चित्र अडकत असेल तर तंत्रज्ञ चालताना अडकतं की उभा असताना, हे पाहा. चालताना अडकत असेल तर हेडसेट एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर उडी मारताना जोडणी तुटते आहे. उभं असतानाही अडकत असेल तर तोच कॉल मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहा. हॉटस्पॉटवर सुरळीत चालला तर कारखान्याच्या फायरवॉलकडे जा. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या यंत्रणेवर चालणाऱ्या कॉलसाठी त्यात यूडीपीचे (चित्र-आवाज झटपट नेणाऱ्या जोडणीचे) ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कच्या वाटा, उघडे लागतात. ते बंद असतील तर कॉल लागतो, पण अडखळत चालतो आणि दोष हेडसेटच्या माथी येतो.

आणि जिथे नेटवर्क भरवशाचं होणारच नाही, तळघरातल्या पंप हाऊसमध्ये किंवा बोगद्यात, तिथे थेट मदतीचा हट्ट सोडा. पायऱ्या आधीच हेडसेटमध्ये भरा. एप्रिल २०२१ मध्ये अंतराळवीर सोइची नोगुची यांनी स्थानकावरच्या ट्रेडमिलची तपासणी अशाच पद्धतीने, जमिनीवरच्या चमूची मदत न घेता केली. चंद्रापर्यंत संदेश एका दिशेने जायलाच १.३ सेकंद लागतात, मंगळापर्यंत ३ ते २२ मिनिटं. तिथे काम करायचं तर ही दुसरी पद्धतच लागणार. तिला कमअस्सल पर्याय मानणं मला पटत नाही. नीट बनवलेल्या पायऱ्या अर्धवट कॉलपेक्षा कधीही सुरक्षित.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नासाचे डॉक्टर जोसेफ श्मिड यांची त्रिमितीय आकृती स्थानकावर उमटली आणि अंतराळवीर तोमा पेस्के त्यांच्याशी बोलले, ते पाहून अनेकांना वाटतं की आता तज्ज्ञच समोर उभा करता येईल. येईलही. पण समोर उभा असलेला माणूस वीतभर बाजूला दिसला तरी संवादाचं काही बिघडत नाही. बाण वीतभर सरकला तर चुकीची केबल निघते. मशीनवर अचूकता हवी असेल तर जागेचं काम टळत नाही.

पुसायचंच असेल तर

वरचं सगळं झालं आणि तरी नकाशा गोंधळलेला असेल, तर सेटिंग, सिस्टिम, होलोग्राम्स असं जाऊन आधी 'रिमूव्ह निअरबाय होलोग्राम्स' करा. तेवढ्याने भागलं नाही तरच 'रिमूव्ह ऑल होलोग्राम्स'. त्यात त्या हेडसेटमधले सगळ्या जागांचे नकाशे आणि अँकर जातात, म्हणून दुसऱ्या शेडमधल्या मंडळींना आधी विचारा. पुसल्यावर दिवे नेहमीसारखे लावून, ट्रॉल्या बाजूला करून जागेत सावकाश फेरी मारा आणि फुलीची चाचणी पुन्हा घ्या.

होलोलेन्स २ चं उत्पादन थांबल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं आणि सुरक्षेचे अपडेट २०२७ च्या अखेरपर्यंत मिळणार आहेत. म्हणजे बहुतेकांना पुढे दुसरा हेडसेट घ्यावा लागेल. तोपर्यंत प्रत्येक मशीनसाठी एक पान ठेवा: पोस्टर कुठे आहेत, कोड कुठे आहे आणि त्याचं मोजलेलं माप काय, दोन्ही पाळ्यांतला उजेड किती लक्स, अँकर कोणत्या भागाला लावले, आणि फुलीची चाचणी शेवटची कधी, कुणी घेतली. नवा हेडसेट आला की पहिल्या दिवशी हेच पान हातात घेऊन मशीनपाशी जा.